देवाजी हेडाऊंची पुढची दोन चाकं

देवाजी हेडाऊंना कुणी "हे काही होणार नाही" असं म्हटलं, की त्यांचा चेहरा पंगतीत पहिलं पान मिळालेल्या माणसासारखा फुलायचा. जी गोष्ट होण्यासारखी आहे ती करण्यात त्यांना गोडी नव्हती. ती कोणीही करतं, असं त्यांचं मत होतं.

मी पोस्टात कारकून. एकोणसत्तर साली बदली होऊन नागपूरला आलो आणि पाचपावलीच्या अंगाला, कोष्ट्यांच्या गल्लीत, देवाजींच्या समोरची खोली भाड्याने घेतली. दिवसभर घराघरांतून माग चालायचे. खटाक्-खट, खटाक्-खट. पहिले आठ दिवस झोप लागली नाही. पुढे रविवारी माग बंद असले की झोप लागायची नाही.

देवाजी पंचेचाळिशीचे, अंगाने मागावरच्या धोट्यासारखे सडसडीत. घरात दोन माग. एकावर ते बसत, दुसऱ्यावर त्यांची बायको मनकर्णाबाई. सबंध गल्लीची लुगडी गांधीबागेतल्या एका शेठकडे जात आणि ती उचलायला शेठचा दलाल गोपाळराव येई. गोपाळराव लुगडं उलगडून उन्हात धरायचे आणि चेहरा असा करायचे की जणू त्यातून वास येतोय. रंग फिका, काठ आखूड, वीण ढिली. खोट काढल्याशिवाय भाव ठरत नसे.

एक दिवस त्यांना मनकर्णाबाईंच्या लुगड्यात काहीच खोट सापडेना. तोंडात पान होतं. त्यांनी बोटं त्या लुगड्याच्या पदराला पुसली आणि म्हणाले, "हा पाहा, डाग आहे."

मनकर्णाबाईंनी लुगडं त्यांच्या हातातून ओढून घेतलं. "चार दिवस बसून इनलं ते तुमचे हात पुसाले नाही इनलं. उठा!"

गोपाळराव उठले, हसत हसत. "उठतो बाई. पन मंग विकान कोठी?"

आणि इथे त्यांची चूक झाली. "विकून तर पाहा, होणारच नाही," असंही ते पुढे म्हणाले. देवाजी तिथेच होते.

महिन्याभरात देवाजींनी आपला माग विकला आणि एक गाडी आणली. मुळात ती मोटार होती. कोण्या डॉक्टरची धंतोलीत फिरून फिरून म्हातारी झालेली. तिचा मागचा अर्धा भाग कापून तिथे लाकडी पेटारा बसवलेला होता आणि विकणारा तिला मोठ्या तोंडाने पिकअप म्हणे. देवाजी दोन महिन्यांत चालवायला शिकले. मग गल्लीची लुगडी शेठला वळसा घालून थेट बाजारांत जाऊ लागली. मनसर, रामटेक आणि त्याच्याही पलीकडची लहानलहान गावं. तीन-चार वर्षं हे बरं चाललं. मनकर्णाबाई पेटाऱ्यात उभ्या राहून लुगडी दाखवत, देवाजी भावाची घासाघीस करत आणि रस्ते गाडीची.

त्या गाडीची पुढची दोन चाकं विभक्त होती. म्हणजे प्रत्येक चाक आपापल्या दांड्यांवर वेगळं टांगलेलं. डॉक्टरसाहेबांच्या डांबरी रस्त्यावर ही सोय उत्तम. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला खबर नाही, आत बसलेल्याच्या कपातला चहा हलत नाही. पण रामटेकपलीकडच्या बोरटोल्याच्या नाल्यातून, धानाच्या बांधावरून, बैलबंडीच्या चाकोरीतून जाताना एकट्या पडलेल्या चाकाला कोणाचाच आधार नसे. दांडी वाकायची, नाहीतर मोडायची. चौऱ्याहत्तर साली, दसऱ्याच्या आदल्या बाजारी, गाडी बोरटोल्याच्या नाल्यात तिसऱ्यांदा बसली. डावं चाक पोटाखाली दुमडून. बैलजोडीने ओढून आणावी लागली.

सदर बाजारातला एक मोठा फिटर पाहायला आला. खाली वाकून पाहिलं, वर येऊन हात पुसले. "सामान मुंबईवरून येईन. दीड महिना. आला तरी पुन्हा मोडन. हे गाडी त्या रस्त्यासाठी नाहीच."

"पुढं बंडीसारखा एकच आस टाकला तर?" देवाजींनी विचारलं. "या चाकापासून त्या चाकापर्यंत सलग?"

"सलग एक्सल? या गाडीत?" फिटर हसला. "होत नाही गा ते. चासी येगळी, स्टेरिंग येगळं. कंपनीवाले नाही करू शकत, तू कोष्टी मानूस..."

मी समोरच्या ओट्यावर होतो. देवाजींचा चेहरा फुललेला मला तिथून दिसला.

त्याच संध्याकाळी गोपाळराव आले. बातमी त्यांच्यापर्यंत वाऱ्याने जात असावी. ओट्यावर टेकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय गा देवाजी, गाडी बसली म्हनते! बरं झालं. आता मंडईच्या आधी माल आमच्याकडं टाका सारे. शेठ मनानं मोठे आहेत, जुनं काही मनात ठेवत नाहीत."

दिवाळीनंतर धान निघतं आणि आमच्या पूर्वेकडच्या गावोगावी मंडई भरते. दंडारीचे नाचगाण्याचे खेळ होतात, सासरच्या लेकी माहेरी येतात, घरातल्या प्रत्येक बाईला नवं लुगडं लागतं. बोरटोल्याची मंडई भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी. वर्षाचा अर्धा माल त्या एका दिवसात जायचा. गल्लीतल्या घराघरांत लुगड्यांच्या घड्या रचून ठेवलेल्या होत्या. लोक देवाजींकडे पाहू लागले.

देवाजी म्हणाले, "मंडईले गाडी जाते. नाही गेली तर गल्लीचा सारा माल मीच डोक्यावर घेऊन तुमच्या शेठच्या पायरीवर आनून टाकतो. मंग पुन्हा कधी बाजाराचं नाव नाही घेत. कबूल?"

"हे सारे ऐकून राहिले बरं!" गोपाळराव म्हणाले.

"ऐकू द्या. म्हनून तर मोठ्यानं बोललो."

आत मनकर्णाबाईंनी भांडं आपटलं. बोलण्याआधी मोजायची सवय त्यांना होती, नवऱ्याला नव्हती.

पैसा नव्हताच. होती ती लुगडी. कामठीला छावणीच्या जुन्या मालाचा एक भंगारवाला होता. त्याच्या ढिगात लढाईच्या वेळच्या एका अमेरिकन गाडीचा पुढचा एक्सल पडला होता. भरीव, सलग, दोन माणसांना न उचलणारा. सोबत तिच्याच कमानी, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि तिचाच स्टेरिंग बॉक्स. भंगारवाल्याच्या बायकोला दोन लुगडी पसंत पडली आणि व्यवहार झाला. काठ तिने तीनदा बदलून घेतले एवढंच.

वेल्डिंगसाठी इंदोऱ्याचा ताराचंद मेश्राम आला. रेल्वेच्या कारखान्यात शिकलेला हात. "दिवाळीत येशीन?" देवाजींनी भीत भीत विचारलं.

"आमची कोठी दिवाळी? आमचा दसरा होऊन गेला, दीक्षाभूमीवर. तुमी लाडू करा, मी येतो खायले."

"मजुरी?"

"मायसाठी एक लुगडं. पांढरं, निळ्या काठाचं. अन् माय गोपाळरावापेक्षा कडक पारखते, सांगून ठेवतो."

गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाखाली काम सुरू झालं. जुन्या विभक्त दांड्या कापून निघाल्या. गाडीच्या सांगाड्याला, चासीला, कमानी लागल्या, कमानींवर एक्सल बसला, आणि इंजिनाच्या तळाला तो लागू नये म्हणून गाडी चांगली वीतभर उंच झाली. एक्सल चार बोटं रुंद निघाला, तेव्हा चाकं मडगार्डच्या बाहेर डोकावू लागली. त्यावर मनकर्णाबाईंनी दोन जुनी घमेली दिली. ताराचंदने ती अर्धी कापून मडगार्डना जोडली. आता गाडी कागदावर मोटार, समोरून मिलिटरी आणि मागून बंडी दिसत होती.

एक्सल सरळ बसला की नाही हे पाहायला मोठ्या गॅरेजात कसलीशी यंत्रं असतात. देवाजींनी सूत आणलं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत एक धागा इकडून, एक तिकडून. मग तिरपे दोन, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. चारी धागे ताणून बोटाने छेडून पाहिले, कान लावला, आणि म्हणाले, "उजवीकडं दोन सूत पुढं आहे."

ताराचंद वैतागला. "दोन सूत म्हनजे केवढं गा? मले काही दिसून नाही राहिलं."

"तुले नाही दिसत. ताना दोन सूत तिरपा असला तर नऊ वारात कापड हातभर तिरपं जाते. हे तर रामटेकाच्या पलीकडं जायाचं आहे."

एक्सल सोडवला, सरकवला, पुन्हा आवळला. असं तीन वेळा. चौथ्यांदा चारी धागे एका सुरात वाजले आणि देवाजी ओट्यावर येऊन चहा प्यायले. आमच्या गल्लीत एवढं काटेकोर काम आजवर कोणी लोखंडाचं केलेलं नव्हतं.

आणि एवढ्या काटेकोरपणाच्या नाकाखालून बैलाएवढी चूक निघून गेली.

अमेरिकन लोक गाडी डावीकडे बसून चालवतात. त्यांचा स्टेरिंग बॉक्स डाव्या अंगाला बसायचा. आपल्या लोकांनी तो उजव्या अंगाला बसवला. बॉक्सचं तोंड फिरलं, त्याबरोबर त्याची चालही फिरली. चाक उजवीकडे फिरवलं, की गाडी जाणार डावीकडे.

हे कळलं कसं नाही? गाडी जॅकवर असताना परीक्षा झाली होती. मनकर्णाबाई वर बसून स्टेरिंग फिरवत होत्या आणि देवाजी खाली आडवे पडून पाहत होते. "उजवीकडं फिरवलं जी!" त्या म्हणत. चाकं डावीकडे वळत. "बराबर!" देवाजी खालून म्हणत. दोघांचं आयुष्य मागावर गेलेलं. उजवा पाय दाबायचा, धोटा डावीकडून सोडायचा, उभे धागे उचलणारी एक वही खाली ओढली की दुसरी आपोआप वर जाणार. उजवं दाबल्यावर डावं हललं की कोष्ट्याच्या जिवाला बरं वाटतं. ताराचंद तरी होता, पण तो गाडीच्या समोर उभा होता, आणि समोरून पाहणाऱ्याचं उजवं-डावं आधीच उलटं असतं.

भाऊबीजेच्या दुपारी गाडी जॅकवरून उतरली. गल्ली माहेरवाशिणींनी भरलेली. गोपाळरावही आले होते, धुतलेलं धोतर नेसून. देवाजींनी गाडी चौकापर्यंत सरळ नेली. वा! कामठीच्या रस्त्याला लागायला डावीकडे वळायचं होतं. त्यांनी स्टेरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी उजवीकडे वळली. त्यांनी आणखी फिरवलं, ती आणखी वळली. समोर नळावर भांड्यांची रांग होती. बाया किंचाळून बाजूला झाल्या. गाडी थांबली तेव्हा गल्लीतल्या गोपिकाबाईंचा पाणी भरायचा पितळी गुंड पुढच्या चाकाखाली ताटासारखा सपाट झाला होता.

मग गोपाळराव म्हणाले, "पाहा बाप्पा! गाडीले बी समजते गांधीबाग कोनीकडं आहे ते!"

सगळी गल्ली हसली. देवाजींच्या बाजूची माणसंसुद्धा हसली, त्याला इलाज नव्हता.

"माझ्या मायनं देल्ला होता गुंड!" गोपिकाबाई ओरडल्या. "अन् या गाडीत माझी चाळीस लुगडी टाकू मी? गोपाळराव, उद्या सांजेले या. माझा माल घेऊन जा."

"माझा बी," दुसरं कोणीतरी म्हणालं. मग तिसरं.

चार जण गाडी ढकलायला पुढे झाले. देवाजींनी त्यांना हाताने थांबवलं. "कोनी हात नाही लावाचा. गाडी चालून राहिली नं? चालवत नेतो."

आणि नेली. उलट्या स्टेरिंगवर, मागे घेत, पुढे घेत, गल्लीच्या तोंडातून आत. पहिल्या वळणाला गाडी जरा अडखळली, दुसऱ्यापासून हात बसला. माणसं भिंतीला चिकटून उभी होती. देवाजी उतरले, दार लावलं आणि म्हणाले, "जमते. अशीच नेतो मंडईले. उलटं तर उलटं."

"काही नाही नेत," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"काहून? आता जमली नं मले?"

"तुमी उलटे, गाडी उलटी. रस्त्यानं येनारा मानूस सुलटा राहते नं जी! समोरून ट्रक आला, तुमाले दचकून एकदा बी सुलटं सुचलं, तर? गुंड पितळीचा होता म्हनून सपाट झाला. मानसाचं काय होईन?"

देवाजी वळून चालू लागले. हट्टी माणूस वाद न घालता वळला की समजावं, समोरचं खरं आहे. घरात गेले आणि तासभर पाठ करून पडले. मी डोकावलो तर म्हणाले, "बॉक्स डावीकडं नेतो म्हटलं तर ब्रेक, क्लच, सारं नेवा लागते. आठ दिवस जातीन. मंडई परवा. झालं बाबू. टाकतो मी शेठच्या पायरीवर."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून "झालं" मी पहिल्यांदा ऐकलं.

मनकर्णाबाई मागावर बसल्या होत्या. सण असूनही. राग आला की त्या विणायच्या. खटाक्-खट चालू होतं आणि मधेच थांबलं.

"काहो," आतून आवाज आला, "या वहीच्या वरती हे दांडी काहून टांगून ठेवली आहे?"

"एक खाली गेली की दुसरी वर जावी म्हनून. इतकं बी नाही समजत काय वं?"

"मले समजते. तुमाले समजते का ते पाहून राहिली. मंदात, मधोमध टांगलेली दांडी आहे. हे टोक पुढं गेलं की ते टोक मांगं येते. तुमचा बॉक्स उलटं ढकलून राहिला नं? मंग बॉक्सच्या अन् चाकाच्या मंदात एक अशी दांडी टाका. उलट्याचं उलटं काय होते जी?"

देवाजी उठून बसले. तसेच अनवाणी इंदोऱ्याला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताराचंदने जाड पट्टीचा हातभर तुकडा कापला. मधोमध भोक, त्यातून मजबूत खिळा, खिळा चासीला पक्का. एका टोकाला बॉक्सचा दांडा, दुसऱ्या टोकाला चाकांचा. बॉक्स पुढे ढकलू लागला की चाकांचा दांडा मागे येऊ लागला. या वेळी ताराचंद गाडीच्या मागे उभा राहिला आणि आपल्या उजव्या मनगटाला त्याने सुतळी बांधली होती.

संध्याकाळी गोपिकाबाई आल्या. त्यांच्यामागे बाकी गल्ली. सगळ्यांत मागे गोपाळराव, हातगाडी घेऊन.

"असं नाही," गोपिकाबाई म्हणाल्या. "आमी पाहू." त्यांनी बायांना घरोघरची भांडी आणायला लावली. कडुनिंबापासून नळापर्यंत दोन रांगा मांडल्या, नागमोडी, मधे गाडीपुरती वाट आणि वर दोन बोटं. गुंड, घागरी, कोणाचा लग्नातला हंडा. "आता चालवा. एक बी वाजलं तर माल हातगाडीवर."

"दोन बोटं गंज झाली, इतकी कायले?" देवाजी म्हणाले. "एकच ठेवा."

"बसा नं आता!" मनकर्णाबाई ओरडल्या.

गाडी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. चाकाबाहेर आलेली घमेली घागरींच्या कानाजवळून सरकत होती. गल्लीत एकही माग चालू नव्हता. नळाशी पोचल्यावर देवाजींनी कोणाकडे पाहिलंही नाही, गाडी तशीच मागे-मागे घेतली आणि त्याच वाटेने परत आणली. हे कोणी मागितलं नव्हतं.

भांडं वाजलं नाही. गोपिकाबाई आत गेल्या आणि चाळीस लुगड्यांचं गाठोडं आणून त्यांनी पेटाऱ्यात टाकलं. "गुंडाचं मी इसरली नाही," एवढंच म्हणाल्या. मग गाठोडी येतच राहिली. गोपाळराव थोडा वेळ ओट्यावर बसले. "नाल्यात पाहू," म्हणाले आणि रिकामी हातगाडी घेऊन गेले.

मंडईच्या दिवशी मी रजा टाकली आणि पेटाऱ्यात गाठोड्यांवर बसलो. मनकर्णाबाई पुढे. ताराचंद हत्यारांची पिशवी घेऊन माझ्या शेजारी. कामठी गेली, मनसर गेलं, रामटेकचा डोंगर मागे पडला. गाडी आता हलवत होती. सलग एक्सलवर एका चाकाला खडा लागला तर दुसऱ्यालाही ते कळवलं जातं, आणि दोघं मिळून तुमच्या मणक्याला कळवतात. ताराचंद म्हणाला, "एकत्र कुटुंब आहे बाबू. सोसा."

बोरटोल्याचा नाला आला. पाणी घोट्याएवढं, दगड मात्र माणसाच्या डोक्याएवढे. देवाजींनी गाडी काठावर थांबवली, उतरले, पाण्याकडे पाहिलं. आम्हाला वाटलं नमस्कार करतात की काय. ते पचकन थुंकले आणि परत येऊन बसले.

डावं चाक दगडावर चढलं. एक्सल तिरपा झाला, उजवं चाक खाली दाबलं गेलं, कमानी कुरकुरल्या. मी डोळे मिटले. ताराचंद "धर, धर, धर" म्हणत होता, बहुधा आपल्या वेल्डिंगला. गाडी एकदा इकडे कलली, एकदा तिकडे, आणि पलीकडच्या काठावर चढली. चारही चाकं जागेवर.

मी हुश्श करतो तोच गाडी वळली. पुन्हा नाल्याकडे.

"काहो! मंडई तिकडं आहे!" मनकर्णाबाई म्हणाल्या.

"मालूम आहे."

"मंग इकडं काहून जाऊन राहिले?"

"यानं मले तीन खेपा पाडलं. याचं देनं एका खेपेत फिटत नाही."

आम्ही नाला पुन्हा ओलांडला. अलीकडे येऊन, वळून, तिसऱ्यांदा ओलांडला. धान घेऊन जाणारा एक बंडीवाला बैल थांबवून हे पाहत होता. त्याने विचारलं, "काही पडलं का गा पान्यात?" तेव्हा मनकर्णाबाईंनी पुढे वाकून स्टेरिंगवर हात ठेवला. "झालं आता. आता लुगडी विकाले चाला. नाल्याले नेसवाची आहेत का?"

पोचायला उशीर झालाच. चांगल्या जागा गेल्या होत्या. गाडी मैदानाच्या कडेला, दंडारीच्या मांडवामागे लावावी लागली. अर्धा तास कोणी फिरकलं नाही. देवाजी पेटाऱ्याची फळी पाडून तिथेच उभे. मग मनकर्णाबाईंनी एक हिरवं लुगडं पेटाऱ्यावरून सोडलं, आणि दंडार संपवून उठलेल्या बायांचा लोंढा थेट गाडीवर आला. दिवस कलेपर्यंत आम्हाला पाणी प्यायला वेळ मिळाला नाही. ताराचंदसुद्धा घड्या उलगडत होता आणि सराईतासारखा म्हणत होता, "पाहा वं बाई, काठ पाहा, असं इनकाम भेटत नाही."

शेवटी एक म्हातारी राहिली. तिने अकरा लुगडी उलगडून पाहिली, बारावं हातात धरलं, गाडीवरून नजर फिरवली. घमेल्याची मडगार्डं, उंच नाक, सगळं.

"मोठी गाडी आहे गा," ती म्हणाली. "कोन्या शेठची हाये?"

देवाजींनी पाठ सरळ केली. दिवसभर वाकून ती आखडली होती.

"शेठची नाही माय. ज्यायनं इनलं त्यायचीच आहे. आमची."

"असं?" म्हातारीने लुगडं घडी करून त्यांच्या हातात परत दिलं. "घरचंच आहे तर मंग भाव उतरव."

देवाजींनी भाव उतरवला नाही. म्हातारीही "एवढ्यात होत नाही गा" म्हणत जागची हलली नाही. आम्ही सामान आवरून, फळी चढवून, गाडीत बसलो तरी ती दोघं तिथेच उभी होती, आणि मनकर्णाबाई मला म्हणाल्या, "बाबू, पाय लांब करून बसा. ते बाई बी होत नाही म्हनून राहिली."